गच्चीवर माती चढवण्याआधी

वाचकाचे पत्र : पाथर्डी फाटा परिसरातल्या एका रो-हाऊसमध्ये आम्ही दोघे १४ वर्षांपासून राहतो. गेल्या वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले आणि साधारण ६०० चौरस फुटांच्या गच्चीवर बाग करायचे ठरवले. कठड्याला लागून विटांचे दोन वाफे (प्रत्येकी १५ फूट लांब, ३ फूट रुंद, फूटभर खोल), मधल्या जागेत थोडी हिरवळ, एका ड्रममध्ये आंबा आणि वर द्राक्षाचा मांडव, असा माझा आराखडा आहे. दिंडोरीला भावाची शेती आहे, त्यामुळे काळी माती हवी तेवढी मिळेल. अडचण एकच आहे. खालच्या बेडरूमच्या छताला, शेजारच्या घराशी सामाईक असलेल्या भिंतीजवळ, दर श्रावणात ओल येते, दिवाळीपर्यंत वाळते आणि रंगाचे पोपडे मागे ठेवून जाते. माझे यजमान म्हणतात, बाग नकोच. ठेकेदार म्हणतो, वाफ्याखाली केमिकलचा एक थर मारू, मग दहा वर्षे बघायला नको. मी आधी काय करू? – एक निवृत्त शिक्षिका, नाशिक

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात वाफ्यांची मापे आहेत, ओल कोणत्या महिन्यात येते आणि कधी वाळते याची नोंद आहे आणि डाग नेमका कोणत्या भिंतीजवळ आहे हेही आहे. इतक्या तपशिलाचे पत्र क्वचितच येते, आणि त्यामुळेच मला उत्तर मोघम द्यावे लागत नाही. बाग जरूर करा. मात्र विटांचे वाफे, हिरवळ, आंबा, गच्चीवरची द्राक्षवेल आणि भावाच्या शेतातली काळी माती या गोष्टी तुम्हाला आराखड्यातून काढाव्या लागतील, आणि पहिले तीन-चार आठवडे एकही रोप न आणता त्या ओलीचा माग काढण्यात घालवावे लागतील. यजमानांचा विरोध बागेला असेल असे मला वाटत नाही. त्यांना छताची काळजी आहे आणि ती रास्त आहे. छत कोरडे राहील अशी बाग तुम्ही त्यांच्यापुढे मांडलीत, तर तेच तुम्हाला कुंड्या उचलू लागतील.

आधी ओलीबद्दल. मृगाच्या पहिल्या सरींना डाग दिसत नाही, श्रावणात दिसतो, याचा अर्थ पाणी थेट गळत नसून कुठेतरी साठते आहे आणि साठा भरल्यावर खाली झिरपते आहे. आपल्याकडच्या बहुतेक गच्च्यांवर स्लॅबच्या डोक्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. हा कोबा उतार देतो आणि ऊनही अडवतो, पण त्याच्या वरच्या थराला तडे गेले की विटांचे तुकडे स्पंजासारखे पाणी पितात. ते पाणी आठवडेच्या आठवडे आत राहते, स्लॅबमधली सर्वांत कमकुवत जागा शोधते आणि तिथून उतरते. म्हणून खाली जिथे डाग दिसतो, त्याच्या बरोबर वरच भोक असेल असे समजून चालत नाही.

तुमच्या बाबतीत डाग सामाईक भिंतीजवळ आहे, आणि रो-हाऊसमध्ये ही जागा मला नेहमीच संशयास्पद वाटते. दोन घरांचे कठडे जिथे पाठीला पाठ लावून उभे असतात, तिथे मधल्या फटीत बांधकामाच्या वेळी सिमेंटचा माल भरून वरून गुळगुळीत केलेले असते. नाशिकच्या हवेत तो सांधा फार काळ एकसंध राहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशीला भिडतो, तापलेला स्लॅब त्याहून कितीतरी गरम होतो, आणि डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री तापमान दहा अंशांच्या खाली उतरते. दर वर्षी प्रसरण आणि आकुंचन सोसणाऱ्या त्या फटीतले कडक सिमेंट केसाएवढी भेग देते आणि पावसाला तेवढी पुरते. हे खरे ठरले, तर तुमच्या गच्चीवर कितीही भारी रसायनाचा थर दिला तरी ओल येतच राहील, कारण पाणी गच्चीच्या पृष्ठभागावरून येतच नसेल.

त्यामुळे अंदाज न करता परीक्षा घ्या. सध्या माघ चालू आहे, पाऊस नाही आणि छत कोरडे आहे, म्हणजे या परीक्षेसाठी याहून चांगला काळ नाही. पावसाच्या पाण्याच्या पाईपांची तोंडे बोळा कोंबून घट्ट बंद करा, दरवाज्यापाशी सिमेंट-वाळूचा छोटा बांध घाला आणि गच्चीवर सर्वत्र किमान इंचभर पाणी राहील इतके भरून ४८ तास ठेवा. कठड्यावर पेन्सिलीने पाण्याची पातळी आखून तारीख-वेळ लिहून ठेवा. बादलीभर पाणी शेजारी उघडे ठेवलेत तर उन्हाने किती उडाले तेही कळेल आणि गच्चीवरची घट त्याहून जास्त आहे का ते पाहता येईल. या दोन दिवसांत खालच्या छताचे सकाळ-संध्याकाळ फोटो काढा. कोबा पाणी हळू सोडत असल्यामुळे पाणी काढून टाकल्यावरही आठवडाभर लक्ष ठेवा. छत कोरडे राहिले, तर पुढच्या आठवड्यात फक्त सामाईक कठड्याच्या माथ्यावर आणि सांध्यावर नळी धरून तास-दीड तास पाणी सोडा. दोन्ही चाचण्या एकाच दिवशी करू नका, नाहीतर ओल आली तरी ती कुठल्या पाण्याची हे कळणार नाही. ज्या चाचणीला डाग उमटेल, तिथे दुरुस्ती.

याच काळात एक सकाळ काढून गच्चीवर लाकडी मूठ असलेल्या लहान हातोड्याने वीतभर अंतरावर हलके ठोकत जा. घट्ट कोब्याचा आवाज टणक येतो, सुटलेल्या कोब्याचा भदभदीत येतो. भदभदीत आवाजाच्या जागा खडूने गोल करून ठेवल्यात, की गवंड्याला नेमके काय काढायचे ते दाखवता येईल. आणखी एक गोष्ट खाली पाहा. डागाभोवती नुसता पांढरा लोणा असेल तर तो सिमेंटमधून वाहून आलेला क्षार आहे, पण तपकिरी ओघळ असतील किंवा प्लास्टर फुगून सळई दिसत असेल, तर आतले लोखंड गंजू लागले आहे असे समजा आणि कोणताही थर देण्याआधी आर.सी.सी.चे काम जाणणाऱ्या इंजिनिअरला प्रत्यक्ष आणून दाखवा. गंजलेल्या सळईवर रंग देऊन तो डाग झाकणे हे घराशी केलेले वैर आहे, असे मी मनापासून मानतो.

आता ठेकेदाराच्या सल्ल्याकडे येतो. केमिकलचे थर वाईट नसतात. योग्य जागी, योग्य तयारीने दिलेला थर चांगले काम करतो. परंतु वाफ्याखाली दिलेला थर पुन्हा कधीही डोळ्यांनी दिसत नाही. त्यावर विटा रचताना गवंड्याची थापी लागते, पुढे खुरपे लागते, मुळे सांध्यात शिरतात, आणि वर्षभर ओल्या राहणाऱ्या मातीखाली तो थर एकदाही वाळत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. आमच्या गच्चीवर १२ फूट लांब आणि अडीच फूट रुंद असा एकच वाफा होता, तळाला थर दिलेला होता, आणि तिसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या छतावर ओल उतरली. गळती शोधण्यासाठी चाळीसेक गोण्या चिखल जिन्यावरून खाली आणावा लागला, बहरात आलेली जास्वंद उपटावी लागली, आणि भेग सापडली ती वाफ्याच्या एका कोपऱ्यात, बोटभर लांबीची. ती भेग उघड्या गच्चीवर असती तर एका दुपारचे काम होते. तेव्हापासून स्लॅबला टेकलेली माती मी कोणालाही सुचवत नाही.

ओलीइतकाच वजनाचाही विचार करा. तुमचे दोन्ही वाफे मिळून ९० घनफूट, म्हणजे अडीच घनमीटरांहून थोडी जास्त माती लागेल. भिजलेली काळी माती घनमीटरला १,८०० किलोच्या आसपास भरते, म्हणजे वाफ्यांतली माती एकटीच साडेचार टनांच्या घरात जाते आणि वाफ्याखालच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ५५० किलो भार येतो. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात जो वापराचा भार धरायला सांगितला आहे, तो चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास आहे. विटांच्या भिंतींचे वजन मी यात धरलेलेही नाही. स्लॅब लगेच कोसळेल असे मी म्हणत नाही, संकल्पनात सुरक्षिततेची जागा ठेवलेली असते. पण वर्षानुवर्षे तो भार सोसणारा स्लॅब हळूहळू वाकतो, खालच्या बाजूला तडे देतो आणि ओलीला नवी वाट करून देतो. घराचे आर.सी.सी. नकाशे तुमच्याकडे असतील तर ते इंजिनिअरला दाखवून आपल्या गच्चीला किती भार चालेल हे लेखी घ्या. नकाशे नसतील तर निदान खालून छताकडे पाहून बीम कुठून कुठे जातात ते टिपा आणि जड वस्तू गच्चीच्या मध्यावर न ठेवता बीमच्या आणि भिंतींच्या डोक्यावरच ठेवा.

दुरुस्तीचे काम फाल्गुन संपण्याआधी करून घ्या, कारण नंतर इतके ऊन तापते की सिमेंटच्या कामाला पाणी मारून ओले ठेवणे कठीण होते. पृष्ठभागावर दोष सापडला तर सुटलेला कोबा काढून नवा भरणे, तड्यांना खाच पाडून त्यात पॉलिमर मिसळलेला माल भरणे, कठडा आणि गच्ची मिळतात तिथे गोलाकार वाटा, म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा गोल भराव, नीट करून घेणे आणि मग जाळी घालून थर देणे, हा क्रम असावा. उतार १०० ला १ तरी हवा, म्हणजे १० फुटांना सव्वा इंच. तो पाईपच्या तोंडाकडेच जातो आहे का, हे बादलीभर पाणी ओतून स्वतः पाहा. दोष सांध्यात सापडला तर तिथे पुन्हा सिमेंट भरू देऊ नका. फट साफ करून तिच्यात ताणले तरी न तुटणारे सीलंट भरावे लागते आणि दोन्ही कठड्यांच्या माथ्यावर मिळून एकच सलग झाकण, फरशीचे किंवा पत्र्याचे, बसवावे लागते. हे शेजाऱ्यांना विश्वासात घेतल्याशिवाय होणार नाही. त्यांच्या बाजूच्या खोलीतही तसाच डाग असण्याची शक्यता आहे, तेव्हा आधी चहाला बोलवा, त्यांचे छत पाहू द्या म्हणा आणि खर्च निम्मा-निम्मा करण्याचे ठरवा. कामानंतर ४८ तासांची चाचणी पुन्हा घ्या आणि ठेकेदाराचे शेवटचे पैसे तिच्यानंतरच द्या.

आता बागेकडे. भावाकडे माती मागू नका. त्याच्याकडे जुने कॅरेट मागा. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात टोमॅटो आणि द्राक्षे भरायला जे २० किलोचे प्लास्टिकचे कॅरेट वापरतात, त्यातले कडा तुटलेले, बाजारात न चालणारे कितीतरी शेतकऱ्यांच्या शेडमध्ये पडून असतात. त्यांना आतून शेडनेटचे अस्तर लावले की भाजीपाल्यासाठी यापेक्षा सोयीची कुंडी मला तरी ठाऊक नाही. चारही बाजूंनी हवा खेळते, मुळे कुंडीच्या कडेला गुंडाळत बसत नाहीत, पाणी साचत नाही, आणि हलक्या मिश्रणाने भरलेला कॅरेट पूर्ण भिजूनही ३५-४० किलोच्या आसपास राहतो, म्हणजे दोन माणसांना उचलता येतो. गच्चीवर वर्षातून एकदा सगळे हलवून झाडून-पुसून, भेगा तपासून परत लावता आले पाहिजे, हीच माझी बागेसाठीची मुख्य अट आहे.

कॅरेट थेट फरशीवर ठेवू नका. खालून झाडू फिरेल आणि वाकून पाहिले तर पलीकडचा उजेड दिसेल, इतके म्हणजे सहा ते नऊ इंच उंच स्टँड करून घ्या. लोखंडी अँगलचे स्टँड केलेत तर त्यांना रेड ऑक्साइड लावून घ्या आणि प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा व त्याखाली जाड रबर ठेवा, म्हणजे टोकदार पाय थरात रुतणार नाही. दोन रांगांमध्ये दीड-दोन फुटांची वाट सोडलीत, तर भारही विभागला जाईल आणि उद्या गुडघे कुरकुरू लागले तरी खुर्ची घेऊन बसून काम करता येईल. कठड्याच्या माथ्यावर एकही कुंडी ठेवू नका. आषाढातल्या वाऱ्याने ती खाली चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर जाऊ शकते.

काळ्या मातीला मी नकार का दिला, ते सांगतो, कारण भावाला वाईट वाटायला नको. शेतात हीच माती सोने आहे. तिच्यातला चिकण कण ओलीने फुगतो आणि वाळला की आक्रसतो. शेतात त्यामुळे भेगा पडतात, हवा आत जाते आणि जमीन आपली आपण उलटसुलट होते. कुंडीत मात्र हाच गुण घात करतो. भिजली की तिच्यात हवा राहत नाही आणि मुळे गुदमरतात, वाळली की तिचा गोळा कुंडीच्या कडेपासून सुटतो. मग आपण पाणी घातले की ते त्या फटीतून सरळ तळाला जाते, छिद्रातून बाहेर येते, आपल्याला वाटते झाड तृप्त झाले, आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत राहतो. उन्हाळ्यात रोज पाणी घालूनही गुलाब वाळला अशी जी तक्रार येते, तिच्यामागे अनेकदा हेच कारण असते.

त्याऐवजी एक भाग चाळलेली तांबडी माती किंवा पोयटा, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट व भाताचा तूस मिळून, असे मिश्रण करा. इगतपुरी-त्र्यंबकच्या भातपट्ट्यातल्या गिरण्यांमध्ये तूस मिळतो आणि तो वर्षभर सहज कुजत नाही, त्यामुळे मिश्रण भुसभुशीत राहते. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजून ७० लिटरच्या आसपास होते. ती वापरण्याआधी दोनदा भरपूर पाण्यात भिजवून पिळून घ्या, कारण नारळाच्या सोडणात मीठ असते आणि मेथीसारख्या नाजूक रोपांच्या पानांच्या कडा त्याने करपतात. प्रत्येक कॅरेटमध्ये मूठभर निंबोळी पेंड मिसळा. भावाने आग्रहच केला तर दहा भागांत एक भाग काळी माती चालेल, तेवढ्याने ओलावा धरायला मदतच होते. पुढच्या वर्षापासून खत घरचेच होऊ द्या. झाडांचा पालापाचोळा घंटागाडीत टाकू नका, तो पोत्यात भरून ठेवा आणि स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर त्याच्या दुप्पट कोरडा पाला पसरा. वास येऊ लागला तर कोरडे कमी पडले, इतकाच त्याचा अर्थ असतो.

तुमच्या मांडवाविषयी मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण नाशिकच्या माणसाला गच्चीवर द्राक्षवेल नको म्हणणे मलाच जड जाते. तुमचा भाऊ दिंडोरीचा आहे, तेव्हा द्राक्षबाग म्हणजे काय हे तुम्ही जवळून पाहिले असेल. आपल्या हवेत वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नवी काडी तयार करायची, त्या काडीच्या डोळ्यांत पुढचे घड आकार घेतात, आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी केली की ते घड बाहेर पडतात. त्यानंतर परतीच्या पावसात आणि दमट हवेत डाऊनी, थंडी पडली की भुरी हे पानांचे आणि घडांचे रोग, पुढे पिठ्या ढेकूण ही कीड. शेतकरी फवारणीचे वेळापत्रक सांभाळून हे सगळे निभावतो आणि तरीही एका अवकाळी पावसाने घड हातचे जातात. गच्चीवर त्याच मांडवाखाली तुळस असेल, मेथी-कोथिंबीर असेल, शेजाऱ्यांचे कपडे वाळत असतील. तिथे त्या फवारण्या करू नयेत, आणि न केल्या तर घड हाती येण्याची शाश्वती नाही. सावलीसाठी आणि डोळ्यांच्या सुखासाठी वेल हवीच असेल, तर ती जमिनीत, घराच्या भिंतीपासून चार-पाच फूट दूर लावा आणि पाईपच्या आधाराने वर आणा. वजन जमिनीवर राहील, मुळांना भरपूर जागा मिळेल, आणि एखाद्या वर्षी दोन घड आलेच तर तो आनंद समजा.

गच्चीवरच्या मांडवासाठी मी तोंडलीचे नाव सुचवीन. पेन्सिलीएवढ्या जाडीची जुनी काडी फेब्रुवारी-मार्चमध्ये खोचली की ती फुटते, उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत मांडव झाकू लागते आणि तीच वेल कितीतरी वर्षे टिकते. नाशिकच्या थंडीत तिची वाढ थांबते, पाने विरळ होतात, आणि नेमके त्याच दिवसांत आपल्याला गच्चीवर ऊन हवे असते. तिच्या जोडीला पावसाळ्यात दोडका आणि कारले, हिवाळ्याकडे जाताना वाल, असे आलटून-पालटून लावता येईल. मांडवाचे पाईप मात्र गच्चीला भोके पाडून बोल्टने आवळू देऊ नका. एवढी दुरुस्ती करून पुन्हा स्वतःच्या हाताने वाट करून दिल्यासारखे होईल. २० लिटरच्या रंगाच्या जुन्या डब्यांत पाईप उभा करून काँक्रीट भरा, एक डबा ४५-५० किलोचा होतो. असे डबे कठड्याच्या आतल्या बाजूला, बीमच्या रेषेवर ठेवून पाईप एकमेकांना आडव्या पाईपांनी बांधा. उन्हाळ्यात वर ५० टक्क्यांची शेडनेट ताणा आणि मृग लागण्याआधी आठवणीने उतरवा, कारण पश्चिमेच्या वाऱ्यात ती शिडासारखी भरते आणि सगळा सांगाडा उचलू पाहते.

हिरवळ गच्चीवर नको. ती सतत ओली ठेवावी लागते आणि खालचा स्लॅब कधीच दिसत नाही. आंबाही नको, त्याचे वजन दर वर्षी वाढत जाते. कागदी लिंबू आणि कढीपत्ता ही दोन झाडे अर्ध्या ड्रममध्ये, गच्चीच्या कोपऱ्यात, छाटून लहान ठेवता येतात आणि रोज उपयोगी पडतात.

दुरुस्ती आणि स्टँड होईपर्यंत फाल्गुन उजाडेल. त्या वेळी भेंडी, गवार, काकडी लावा आणि मोगऱ्याची छाटणी करून त्याला शेणखत द्या, म्हणजे उन्हाळाभर फुले मिळतील. पहिल्या वर्षी आठ-दहा कॅरेटांपलीकडे जाऊ नका. मे महिन्यात रोज दोन वेळा पाणी घालताना ती संख्या पुरेशी वाटेल. दसऱ्याच्या झेंडूचे बी जुलैमध्ये टाका. आपल्या शहराची खरी बाग थंडीत फुलते, म्हणून मेथी, पालक, मुळा, गाजर, शेवंती आणि गुलाब यांच्यासाठी ऑक्टोबरमध्ये जागा राखून ठेवा. मोगलांच्या काळात या गावाला गुलशनाबाद म्हणत असत. पावसाळा ओसरल्यावर छाटलेला गुलाब डिसेंबरच्या थंडीत जेव्हा फुलतो, तेव्हा ते नाव का पडले असेल हे गच्चीवर उभे राहून कळते.

पाण्याबाबत दोन सूचना आहेत. ६०० चौरस फूट म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर, आणि एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस झाला तर तुमच्या गच्चीवरून ५,६०० लिटर पाणी वाहून गेले पाहिजे. बाग झाल्यावर हे पाणी अडवायला गळलेल्या पानांचा एक बोळा पुरेसा असतो. म्हणून पाईपांच्या तोंडावर उंच घुमटाची जाळी बसवा, भोवतीचा दोन फुटांचा भाग नेहमी मोकळा ठेवा आणि पाईप तुंबला तरी पाणी बाहेर पडेल असे एक भोक कठड्यात थोड्या उंचीवर ठेवून घ्या. खाली ते पाणी घराच्या पायाशी पडू देऊ नका, कारण तुमच्या भागात खाली काळी माती असेल तर ती पायाशीही फुगण्या-आक्रसण्याचा तोच खेळ करते. पाईप लांबवून शोषखड्ड्यात किंवा टाकीत सोडा. कुंड्यांखाली ताटल्या ठेवणार असाल तर आठवड्यातून एक दिवस त्या पूर्ण कोरड्या करा, डेंग्यूच्या डासाला तेवढेच साचलेले पाणी पुरते.

आणखी एक काम दर श्रावणात करा. कठड्याच्या भेगांत पिंपळ, वड, उंबर यांची रोपे उगवली आहेत का, ते पाहत जा. बी पक्ष्यांच्या विष्ठेतून येते आणि बोटभर रोपाची मुळे वर्षभरात सांध्यात खोल उतरतात. पिंपळ उपटायला अनेकांचा हात धजत नाही, तो भाव मी समजू शकतो. तेव्हा ते दोन पानांचे असतानाच, पाऊस पडून भेग ओली असताना, मुळासकट अलगद काढा, पिशवीत लावून वाढवा आणि भावाच्या बांधावर किंवा एखाद्या मोकळ्या जागेत नेऊन लावा.

बेडरूमच्या त्या कोपऱ्याला या वर्षी रंग देऊ नका. पोपडे खरवडून काढा, डागाची कड पेन्सिलीने आखा आणि बाजूला आजची तारीख लिहा. दुरुस्तीनंतरचा पहिला श्रावण आणि त्यापुढचा भाद्रपद ती रेष तशीच कोरडी राहिली, तर दिवाळीला रंगारी बोलवा. ओल रेषेबाहेर गेली, तर कोणत्या तारखेला आणि किती, हे लिहून मला पुन्हा पत्र पाठवा. कॅरेट स्टँडवर असतील, त्यामुळे गच्ची अर्ध्या दिवसात मोकळी होईल आणि आपल्याला पुन्हा पाणी भरून पाहता येईल.